एग्यो म्हणे करून दाखव!

“अहो विहीणबाई, एकदा करून दाखवलं म्हणून झिजणार आहे का ती?”

“झिजायला माझी लेक काही साबणाची वडी नाही. पण नाही करणार.”

“आम्ही सोलहून इतक्या लांब आलो. मागितलं काय, तर जराशी एग्यो. तेवढंही नाही?”

थांबा. जिच्यावरून हे भांडण जुंपलंय, ती एग्यो मीच बोलतेय. मी माणूस नाही, मांजर नाही, भांडंकुंडंही नाही. कोरियातला एक शब्द आहे मी. कुणाच्या वागण्यात असं काहीतरी असतं, की बघणाऱ्याला आपसूक लळा लागतो. त्याचं नाव एग्यो. एवढाच माझा अर्थ. आणि ही सोलची बाई मला गोजे बेटावरच्या खाणावळीत, भाजलेल्या माशाशेजारी, लोणच्याच्या फोडीसारखी वाढून मागतेय!

माझा जन्म दोन चिनी अक्षरांच्या पोटी. एक प्रेमाचं, दुसरं लाडिकपणाचं. दुसऱ्या अक्षराच्या कडेला ‘बाई’ या अर्थाची खूण जोडलेली आहे, म्हणून जन्मापासून माझं ओझं बायकांच्या डोक्यावर. पुरुष लाडिक वागला तर हसतात, बाई वागली नाही तर तिच्यात खोट काढतात. हा न्याय ज्या कुणी लावला, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा.

माझे बरे दिवसही होते. रांगतं पोर आजोबांची दाढी धरून लोंबकळायचं, कुत्र्याचं पिल्लू पाहुण्याची चप्पल पळवून त्याच्याचकडे बघत बसायचं, आणि लोक म्हणायचे, “काय एग्यो आहे याच्यात!” नीट ऐका. ‘आहे’ म्हणायचे. ज्याच्यात मी असायची, त्याला माझा पत्ताही नसायचा. म्हणून तर मी खरी होते.

मग माणसांना अक्कल फुटली. ‘एग्यो आहे’ मागे पडलं आणि ‘एग्यो कर’ सुरू झालं. कचेरीतला साहेब दारूच्या मेजवानीत नव्या मुलीला म्हणू लागला, “हं, जरा एग्यो होऊ दे!” टीव्हीवर मोठमोठ्या घोड्या गालांवर मुठी ठेवून बोबडं बोलू लागल्या. मनापासून हसताना डोळ्यांखाली जो फुगवटा येतो ना, त्यालाही माझं नाव दिलं. आता तो डॉक्टरकडे जाऊन सुईने भरून घेतात. हसू नाही, पण हसण्याची खूण कायमची! मी शब्द आहे म्हणून बरं. माणूस असते तर थुंकले असते.

असो. जेवणाकडे वळू.

आज दोन घरं लग्नाची तारीख ठरवायला बसली होती. मुलगी सोदाम, इथल्या जहाजांच्या कारखान्यात उंच क्रेन चालवते. “उचल”, “थांब”, “सोड” असं दिवसभर बोलून बोलून घरीही ती तशीच बोलते. तिच्या बाजूने तिची आई फिलनाम तेवढी आली होती. वडील नाहीत, आणि थोरला भाऊ बोट घेऊन समुद्रावर. मुलगा ग्युवन. त्याच्यासोबत त्याची आई फ्यो आणि वडिलांची म्हातारी आई. आजीची नजर अधू. काटे दिसत नाहीत म्हणून तिने माशाला हातच लावला नव्हता.

माशाची वरची बाजू संपली. फ्योबाईंनी मोठ्या अगत्याने तो उलटायला घेतला.

“उलटू नका,” सोदाम म्हणाली.

कोळ्याच्या घरात ताटातला मासा कुणी उलटत नाही. उलटला तर समुद्रावरची बोट उलटते असं मानतात. खरंखोटं समुद्राला ठाऊक, पण ज्या बहिणीचा भाऊ त्या घटकेला बोटीवर आहे, ती खरंखोटं करत बसत नाही. फ्योबाईंना हे माहीत नव्हतं. फिलनामने लगेच सांगितलंही. पण तोवर बाईंचा हात हवेत आणि नाक त्याच्याही वर.

“हो का? बरं, पण हेच गोड बोलून सांगता येत नाही? ‘आईऽऽ, नका ना उलटू!’ असं? मुलगी चांगली आहे हो तुमची, पण एग्यो नाही. लाकूड आहे नुसतं.”

“लाकूडच आहे,” फिलनाम म्हणाली. “त्याचीच बोट होते.”

“मला बोट नको, सून हवीय.” फ्योबाईंनी फोन काढला. “चल बाळ, गालाला हात लाव आणि ‘आईऽऽ’ म्हण बघू. माझ्या बहिणींना पाठवते. मग तारखेचं बोलू.”

मी सुरुवातीला ऐकवलं ते भांडण इथून पेटलं.

सोदामने ग्युवनकडे पाहिलं. या मुलाने माझी कधी मागणी केली नव्हती. म्हणूनच ती त्याच्यावर भाळली होती, हे मला ठाऊक आहे. आणि आता तो, कान लाल करून, ताटात बघत पुटपुटला, “एकदाच कर ना, सोदाम. आईचं समाधान.”

“तूसुद्धा?”

“एवढं काय त्यात?”

“मला लग्न तुझ्याशीच करायचंय,” ती म्हणाली. “पण हे करून नाही. आज केलं तर दर सणाला करावं लागेल. आणि तू दर वेळी असाच ताटात बघत बसशील.”

ग्युवनने मान वर केली. नुसती मान वर करणाऱ्यांचं मला फार कौतुक नाही.

“म्हणजे आमचा अपमानच करायचा ठरवून आलात!” फ्योबाई कडाडल्या.

“अपमान कुणी सुरू केला, विहीणबाई? माझी लेक म्हणजे काय जत्रेतलं माकड?”

या सगळ्यात सोदामचं तोंड भांडत होतं, पण हात थांबले नव्हते. तिने माशाचा मधला काटा वरूनच अख्खा उचलून बाजूला ठेवला. मासा उलटला नाही. खालचं मांस बोटांनी चाचपून, बारीक काटे काढून, तिने आजीच्या भातावर ठेवलं. आजीकडे पाहिलंही नाही.

मी तिथे होते. भातावर, त्या मांसाच्या तुकड्यात. कुणी मला हाक मारली नव्हती आणि फोन भलतीकडेच रोखलेला होता.

आजीने घास खाल्ला. सावकाश चावला. मग सुनेला विचारलं, “सूनबाई, तुला आवडतो का गं मासा?”

आणि काय सांगू! फ्योबाईंचा कडाडणारा आवाज क्षणात पाकात बुडाला. मान तिरकी झाली. “सासूबाई, तुम्हाला आवडतं तेच मला आवडतं हो!”

पाहिलंत? ही म्हणे एग्यो! हिलाच लोक माझं नाव देतात. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात सुना येतील, मुली मोठ्या होतील. त्यांच्याकडे मला मागू नका. मागितलीत तर माझं सोंग मिळेल, आणि जन्मभर ते सोंग घरात घेऊन बसाल. मी असले तर असेन, नसले तर दुसरं काही असेल. खरं असेल एवढं बघा. म्हातारी झालेय मी, एवढी विनवणी करते आणि गप्प बसते. कारण आता आजीने चमचा खाली ठेवलाय.

“सूनबाई,” आजी म्हणाली, “इतकी वर्षं तू माझ्याशी गोड बोललीस, आणि तुला मासा आवडतो की नाही हे मला अजून ठाऊक नाही, या पोरीला काय खपत नाही ते मला एका जेवणात कळलं, तेव्हा तो फोन ठेव आणि तारीख काढ.”