पहिली कादंबरी माझ्यावर लिहिली गेली

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. छापखान्याचे यंत्र ज्या खोक्यातून आले, त्याच्या फळ्यांपासून एका सुताराने मला बनवले. घाईत त्याने एक फळी उलटी ठोकली, म्हणून ‘ही बाजू वर’ ही अक्षरे माझ्या पोटाखाली आहेत. माझे रूप ते एवढेच. पण चंद्रावरच्या शहराची ती गाजलेली कादंबरी माझ्यावर लिहिली गेली, लोक पाहायला जातात त्या मेजावर नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला कोणी विचारतच नाही.

माझा मालक तारघरात कामाला होता. दिवसभर लोकांच्या तारा पाठवायच्या आणि संध्याकाळी चंद्रावरच्या माणसांच्या गोष्टी लिहायच्या, हा त्याचा नेम. गल्लीतले लोक त्याला ‘चंद्रवाले’ म्हणत, अर्धे कौतुकाने, अर्धे थट्टेने. घरात तो आणि त्याची धाकटी बहीण, छोटी. लहानपणीच्या तापात तिचा एक पाय लुळा पडला होता. ती काठी टेकत चाले. मालकाचे अक्षर कोणालाच लागत नसे, म्हणून सगळा मजकूर छोटी स्वच्छ अक्षरात उतरवून काढी. नुसती उतरवत मात्र नसे.

“भाऊ, चंद्रावर वारा नाही म्हणतोस. मग महालातले पडदे हलतात कसे?”

“हलू दे की. छान दिसतात.”

“आणि छापून आल्यावर लोक दात काढतील, ते?”

तो कुरकुरत पडदे काढून टाकी. त्याचे कोपर एका बाजूला, तिचे दुसऱ्या बाजूला. मला वाटे, कादंबरी आम्ही तिघे मिळून लिहितो आहोत.

कादंबरी धडाक्यात खपली. खूश होऊन प्रकाशकाने मालकाला एक मेज भेट पाठवले. चार हमालांनी ते आत आणले. सात खण, पितळी मुठी, वर हिरवे कापड! त्या दिवशी माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. लेखणीच्या जागी विळी आली. मेजाचा मला इतका हेवा वाटला की माझी एक फळी तडकली. छोटी म्हणाली, उन्हाने तडकली. तिला काय ठाऊक!

आता मालक दार लावून एकटाच लिही. दुसरी कादंबरी पूर्ण झाल्यावर कागदांचा गठ्ठा छोटीसमोर, म्हणजे माझ्यावर आला. तिने दौत उघडली. नवव्या प्रकरणापाशी तिचा हात थांबला. त्यात पृथ्वी बुडत होती आणि माणसे यानात बसून निघाली होती. यानात जागा फक्त धडधाकट माणसांना. लुळ्यापांगळ्यांना किनाऱ्यावर सोडून द्यायचे, आणि लेखक म्हणत होता की हेच शहाणपणाचे आहे.

“भाऊ, यान सुटतं तेव्हा मी कुठे असते रे?”

“अगं, ही कादंबरी आहे. तुझी गोष्ट वेगळी.”

“पानावर तसं लिहिलेलं नाही.”

“तू ना, उगाच स्वतःवर ओढून घेतेस.”

छोटीने दौतीला बूच लावले. “हे माझ्या अक्षरात जाणार नाही,” एवढेच म्हणाली.

त्याने ते दुसऱ्याकडून उतरवून घेतले. पुस्तक पहिल्यापेक्षा जास्त खपले. लोक ते भाषणांत वापरू लागले. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर तेच प्रकरण पुढे करून कुबडीवाल्या दोन मुलींना प्रवेश नाकारला. हे कळले त्या आठवड्यात छोटीने घर सोडले. हातगाडी बोलावली आणि मला बरोबर घेतले. एका खोलीत त्या दोघींना घेऊन तिने वर्ग सुरू केला. पुढे मुले नऊ झाली.

काही वर्षांनी एका दुपारी मालक आला. केस पांढरे झाले होते. “छोटे, चूक झाली. नव्या आवृत्तीत तसं छापायचंय. उतरवून देतेस?”

“कागद देते. तुझ्याच अक्षरात लिही.”

त्याने लिहिले, माझ्यावर. प्रकाशकाने मात्र ते पान छापले नाही. पुस्तक आहे तसेच छान चालते आहे, म्हणाला. मालक आणखी भांडला नाही. वर्षभरात तो गेला.

आता त्याच्या घराचे स्मारक झाले आहे. काही लोक तिथे हार घालतात, काही जण स्मारक बंद करा म्हणून दारात घोषणा देतात. दोघेही पाहतात ते मेजच! त्याच्याभोवती दोरी आहे आणि रोज त्याची धूळ पुसतात. माझा नुसता जळफळाट होतो.

एकदा स्मारकाचे व्यवस्थापक आमच्याकडे आले. मला मेजाशेजारी ठेवणार होते, पाटीसह! मी हरखून गेलो.

“पाटीवर नववं प्रकरणही येईल का?” छोटीने विचारले.

“बाई, पाटीवर तेवढी जागा नसते.”

“मग टेबल इथेच राहू दे. मुलांची गणितं व्हायचीत.”

मी कित्येक दिवस तिच्यावर रुसून होतो. खरे सांगतो, मित्रांनो, हेवा अजून गेलेला नाही. छोटी गेली, तिच्या विद्यार्थिनी वर्ग चालवतात, मुले माझ्यावर शाई सांडतात, आणि मी त्या हिरव्या कापडाचाच विचार करतो.

हल्ली माझा एक पाय डुगडुगतो. परवा कोणीतरी म्हणाले, हे काढून टाका, नवे आणू. तुमच्याही घरात, वर्गात असे कोणीतरी डुगडुगणारे असेल. त्याला बाहेर काढू नका. खाली वाका आणि पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी सारा. तेवढ्याने भागते.