गाइड ट्रॅकवरचा आवाज

"ताई, आता लाल दिवा लागेल. जप करायचा तर मनात कर, ओठसुद्धा हलवू नकोस. हा माइक पाल चुकचुकली तरी पकडतो."

माझ्या धाकट्या भावाचं हे सांगणं अजून जसंच्या तसं कानात आहे. त्याला सगळे पोपट म्हणतात. तरुणपणी त्याचा चौघांचा बँड होता, पोपट गायचा. त्या वेळच्या कॅसेटी ओलीनं चिकटून कधीच वाया गेल्या. साठी उलटल्यावर चौघं पुन्हा जमले आणि ठरवलं, जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या नऊ गाण्यांचा अल्बम करायचा. फक्त वाद्यांवर.

"गाणी दुसऱ्यांची, त्यातले शब्दही काढणार, मग उरलं काय?" मी विचारलं होतं.

"तुझ्या देवाला कुठे शब्द लागतात, ताई?"



ती गाणी वीस-वीस मिनिटांची. सात मात्रांत चाललेली चाल मधेच पाचात शिरते, आणि शब्दांचा आधार नसला की वाजवणारे वाट चुकतात. म्हणून पोपट स्टुडिओत काचेपलीकडच्या खोलीत उभा राहून सगळं गायचा आणि बाकीचे ते हेडफोनमध्ये ऐकत वाजवायचे. त्याला म्हणतात गाइड ट्रॅक. शेवटी तो काढून टाकायचा. त्याच्या ओळी सेलोवर, म्हणजे त्या मोठ्या व्हायोलिनवर, बाहेरून बोलावलेल्या एक बाई वाजवणार होत्या.

"अरे, तू म्हणजे परांची," ऑर्गनवाला चिडवायचा. "इमारत उभी राहिली की तुला उतरवायचं."

"असू दे. गाणं नसलेल्या अल्बमचा गायक जगात मी एकटाच!"

अठरा दिवस तो गायला. मी डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यात बसायची. शेवटी शेवटी त्याचा आवाज घोगरा होत गेला. आम्हाला वाटलं, ताण पडला. निघाली गाठ. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आधी मी त्याला म्हटलं, "दोन शब्द तरी रेकॉर्ड करून ठेव रे."

"आहे की त्या गाइडवर. नऊ गाणी आहेत. नंतर मागवून घेऊ." आणि हसला. रेकॉर्डिस्टलाही त्यानं सांगून ठेवलं होतं, आता काय विचारायचं ते ताईला विचार.

माझं रोजचं मौन सूर्योदयापासून पूजा आटपेपर्यंतचं. त्या दिवशी मी ते वाढवलं. तो शुद्धीवर येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा देवापुढे शब्द दिला. अकराच्या सुमाराला मी थिएटरबाहेरच्या बाकावर होते. फोन थरथरला. रेकॉर्डिस्ट.

"ताई, मिक्स झालं, झकास झालंय! डिस्क भरलीय हो. गाइडचं काम संपलंय, काढून टाकू ना?"

नको. एवढंच म्हणायचं होतं, दोन अक्षरं. ती जिभेवर आली, आणि मनात आलं, आत त्याच्या गळ्यावर सुरी आहे, आत्ताच मी शब्द मोडला तर? मी फोन कानाला घट्ट धरून बसले.

"बरं बरं, मौन चाललंय वाटतं तुमचं. म्हणजे हरकत नाही. फोन ठेवतो."

मी घाईघाईनं मेसेज लिहायला घेतला. तेवढ्यात थिएटरचं दार उघडलं, स्ट्रेचर बाहेर आलं, आणि मी सगळं विसरून त्याच्यामागे धावले. संध्याकाळी फोन केला तेव्हा त्या जागेवर कुठल्याशा जाहिरातीचं रेकॉर्डिंग चढलंही होतं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "तुम्ही सकाळी नको म्हणाला नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही." दुसरं काय म्हणणार?

काल अल्बम घरी आला. पोपट डोळे मिटून ऐकत होता, बोटांनी मात्रा मोजत होता. मग पाटीवर लिहिलं, 'छान. पण सेलो सातव्या मात्रेला उशिरा येतो. मी कधी उशिरा आलो नाही.' खाली एक ओळ, 'आता माझा गाइड आण.'

मी सांगितलं. बाक, फोन, मौन, सगळं. सांगताना माझा आवाज मलाच नकोसा झाला. किती छान, स्पष्ट चालत होता तो!

त्यानं पाटी पुसली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला. मी म्हटलं, "रागाव रे. काहीतरी फेकून मार." त्यानं गळ्यापाशी हात नेला आणि खाली घेतला. मग लिहिलं, 'रेकॉर्डिस्टला कळलं का?'

"नाही. रोज फोन करतो बिचारा, पोपटला आवडलं का म्हणून."

'त्याला सांगू नकोस. हाय खाईल. जाऊन सांग, काम उत्तम झालंय. शपथ?'

खोटं बोलायचं नाही हे माझं जन्माचं व्रत त्यालाही ठाऊक आहे. पण त्यानं हात पुढे केला होता, आणि त्या हातावर हात ठेवण्यावाचून मला दुसरं काही करता येत नव्हतं.

आज पूजा झाली. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय, जागा आहे. मी त्याच्या उशाशी पाणी भरून ठेवलं, साडीची निरी ठीक केली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. स्टुडिओ दहाला उघडतो.