तपासणाऱ्याची सही

मला आळशी माणसाचा राग येतो. माझ्या धाकट्या भावाचा तर तो आजारी पडल्यावर सगळ्यात जास्त आला.

हाच भाऊ एकेकाळी दिवसाला दोन खोल्यांच्या फरश्या बसवायचा. माझ्या घरातली सगळी फरशी त्यानेच बसवली. वर ऐट अशी, "ताई, तुझ्या पायाखालची जमीन माझी आहे, नीट वाग." मग त्याच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तरी पुढे ती यकृतात सापडली. माझ्याच हॉस्पिटलात औषधं सुरू झाली, तो माझ्याकडे राहायला आला आणि पलंगावर पडला तो पडलाच.

दुपारचे चार वाजले तरी अंघोळ नाही, भिंतीकडे तोंड. विचारलं तर म्हणे, "दुखत काही नाही गं. नुसतं नको वाटतं."

"नको वाटतं म्हणजे? मला काय कामावर जाताना गुदगुल्या होतात?"

मी हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात बावीस वर्षं नोकरी करतेय, त्यामुळे घरात आजारपणावर शेवटचा शब्द माझा. मी बजावलं, "तू हातपाय गाळलेस. सगळं मनावर असतं. उठायचं, केस विंचरायचे, बूट घालायचे. मी दार उघडेन तेव्हा खुर्चीत बसलेला दिसला पाहिजेस."

तो हळूच म्हणाला, "ताई, एकदा रिपोर्ट बघतेस का?"

"रिपोर्टची कारणं मला नको सांगूस. दिवसाला दोनशे बघते मी." उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवसापासून तो खुर्चीत दिसू लागला. बूट घालून, भांग पाडून. मी शेजारणीला सांगितलंसुद्धा, थोडा धाक लागतो, बाकी काही नाही.

आमच्याकडे मशीनपाशी रक्ताची नळी येते तिच्यावर नाव नसतं, नुसता नंबर; नाव पुढे छापील रिपोर्टवर येतं. माणूस कळला तर हात कापतो, असं जुने लोक म्हणायचे. एका मंगळवारी अशीच एक नळी लावली. शरीरातला दाह दाखवणारा आकडा पाचाच्या आत असायला हवा, तो आला एकशे चौतीस. हिमोग्लोबिन आठाच्याही खाली. मला वाटलं मशीनच बिघडलं. पुन्हा लावली, तेच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हटलं, "हा माणूस उभा तरी कसा राहतो रे?" सही केली आणि पुढची नळी उचलली.

त्या संध्याकाळी भाऊ खुर्चीत होता, पण एका बुटाची नाडी सुटलेली होती. त्यावरून मी त्याला अर्धा तास ऐकवलं.

पुढच्या तपासणीला मी अर्ध्या दिवसाची रजा काढून सोबत गेले, ती त्याची तक्रार करायला. त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "जरा दटावा त्याला. जिद्दच सोडलीय."

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "तुम्हाला फ्लू झाला होता कधी? तेव्हा अंग उचलत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ते जिद्दीचं काम नसतं. रक्तातली रसायनं मेंदूला सांगत असतात, पडून राहा. ह्यांच्यात ती गाठीमुळे आणि गाठीशी झगडणाऱ्या पेशींमुळे सतत वाहताहेत. त्यानेच मन उदास होतं, झोपेचं चक्र बिघडतं. वर रक्त कमी आणि औषधांचा थकवा. आपण रक्त चढवू, मनासाठी गोळी देऊ. झेपेल तेवढंच चालू दे. पण दटावणं? हे बघा."

कागद माझ्याकडे फिरवला. वर भावाचं नाव. त्याखाली एकशे चौतीस. तारीख त्या मंगळवारची. आणि सगळ्यात खाली, तपासणाऱ्याची सही. माझी.

परक्या नळीची मला दया आली होती.

त्याला घरी सोडून मी कामावर गेले खरी, पण हात चालेनात. तासाभरात परत आले आणि दार उघडलं. खुर्ची रिकामी होती. तिच्या पायाशी, त्यानेच बसवलेल्या फरशीवर, भाऊ आडवा पडला होता. बूट पायात, हातात कंगवा. मला पाहून तो खुर्चीचा पाय धरून उठू लागला.

"अरे, खाली का झोपलास?"

"किल्ली वाजल्यावर पलंगावरून खुर्चीपर्यंत पोचत नाही गं. इथून पोचतो. आज तू लवकर आलीस."

मी खाली बसले. दाह, रक्त, मेंदू, सगळं सांगितलं. ती सहीही सांगितली. "तुझी काही चूक नव्हती रे. माझी होती." मला रडू आवरेना. तो मान हलवत राहिला, शाळेत न समजलेल्या गणिताला हलवायचा तशी. मी त्याच्या बुटाच्या नाडीला हात घातला. त्याने घाईने पाय मागे घेतला.

"नको, ताई. राहू दे. परत बांधायला मला सकाळ पुरत नाही."