दाताखाली कट्ट वाजणारे वाल

मित्रांनो, दोन वर्षं माझ्या पोटात कोंबडी अंड्यांवर बसत होती, म्हणून मला खुराडं समजू नका. मी कणगी आहे, बांबूची, शेणामातीनं सारवलेली. भातानंतर शेतात होणारे वाल मी सापगावच्या वेणूआजीच्या पडवीत वर्षानुवर्षं सांभाळले. भरल्यावर अशी ऐटीत बसायची मी, की दृष्टच लागावी!

भरण्याआधी वेणू एक दाणा दाताखाली धरायची. कट्ट वाजला तर वाळला, दबला तर पुन्हा उन्हात. मग राख चोळून माझ्या पोटात.

पुढे निळं पिंप आलं आणि मी कोपऱ्यात गेले. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण खरं सांगते, जे झालं त्यात पिंपाचा दोष नव्हता. गेल्या साली वेणूचे दात गेले होते. सुनेला 'चावून बघ' म्हणायचा वेणूला कमीपणा वाटला, म्हणून तिनं नुसतं हातानं चाचपून वाल भरले आणि झाकण घट्ट लावलं.

श्रावणात गरोदर सुनेला, योगिनीला, बिरड्याचे डोहाळे लागले. वेणूनं हौसेनं पिंप उघडलं, तर कुबट वास आणि दाण्यांवर हिरवी बुरशी. तरी तिनं सूप भरलंच. बिरड्याचे वाल भिजवून सोलायचेच असतात, सालीबरोबर बुरशीही जाईल, असं तिला वाटलं. माझ्या तर कामट्या थरथरल्या.

योगिनीनं सूप धरलं. "आई, बुरशीचं विख आत मुरतं. सोलून नाय जात, उकळून बी नाय जात. दवाखान्याच्या आशाताईंनी सांगितलंय."

वेणू चिडली. जन्मभर खाल्लं, कोण मेलं, म्हणाली. मग सुनेच्या पोटाकडे नजर गेली आणि तिनं सुपावरचा हात काढला.

"दात नाय ऱ्हायले गो मला. चावून बघितलंच नाय."

योगिनीनं बोल लावला नाही. दोघींनी सगळे वाल खड्ड्यात पुरले, कोंबड्यांनासुद्धा टाकले नाहीत. डोहाळ्यांपुरतं बिरडं शेजारच्या जनीनं पाठवलं, पेरायला बीही दिलं. गुणाची बाई!

यंदा वाल छान आले. कोंबडीला हुसकून मला सारवलं, पिंपही धुऊन वाळवलं. वेणूनं खळ्यातला दाणा सुनेपुढे धरला. "चाव गो." कट्ट! काय गोड वाजला म्हणून सांगू!

मित्रांनो, दाणा पारखूनच भरा, आणि स्वतःला दात नसतील तर दुसऱ्याचे मागायला लाजू नका. आमच्या घरात आता आणखी दोन दात आलेत, कणीएवढे. वेणू नातीच्या हिरडीवरून बोट फिरवते आणि मला ऐकू येईल असं म्हणते, "मोठी झाली का हीच चावून बघंल."