खडूच्या घराबाहेरची खाट

मित्रांनो, नवा सोफा घरात आला की शेजारीपाजारी बघायला येतात. खाटेला कोण विचारतो? म्हणून माझी हकिकत मीच सांगायला बसले आहे. मी लोखंडी पाइपांची, नवारीने विणलेली, वयाने तिशी ओलांडलेली खाट आहे. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एक दुमजली इमारत आहे, तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ सध्या माझा मुक्काम आहे. माझा स्वभाव कुरकुरणारा आहे, हे आधीच कबूल करते. कुणी बसलं तरी मी कुरकुरते आणि उठलं तरी कुरकुरते. आज मात्र मला कुरकुर करायची नाही. या उन्हाळ्यात माझ्यासमोर एक गोष्ट घडली, तिची लाज मनातून जात नाही, ती सांगायची आहे.

माझे मालक शौकतभाई. पेशाने वेल्डर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला जात. त्यांच्या बायकोला, शकीलाभाभींना, पहिलं बाळ होणार होतं आणि जमिनीवरून उठता-बसताना त्यांचे पाय भरून येत. तयार पलंग घेण्याची ऐपत नव्हती. मग शौकतभाईंनी भंगारवाल्याकडून पाइप आणले, सुटीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मला जोडलं आणि वरून हिरवा ऑइलपेंट दिला. गडबडीत माझा एक पाय जरा आखूड राहिला. परक्यांची कामं डोळ्यांत तेल घालून करणाऱ्या माणसाचं घरचं काम असंच राहतं. पाय माझे दुखतात आणि लंगडी हिला केलीत, असं म्हणून शकीलाभाभी हसल्या होत्या. तेव्हापासून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे.

माझ्यावर आधी शोएब लोळला, मग त्याची बहीण अलिशा. दोघांचे ताप मी अंगावर काढले. ईदला पाहुणे आले की चार-चार माणसं माझ्यावर दाटीवाटीने बसत आणि ‘काय मजबूत खाट आहे’ म्हणत. शौकतभाई तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण त्यांची मान ताठ होई. शेवटच्या आजारात शकीलाभाभी माझ्यावरच पडून होत्या. त्या गेल्या, तसे शौकतभाई माझ्यावर झोपू लागले. बाहेरच्या खोलीत, दाराला लागून, ती त्यांची जागा.

या घरातले लोक आपसात हिंदी-उर्दू मिसळून बोलतात. मराठी मी शिकले ती तळमजल्यावरच्या लताबाईंकडून. दर उन्हाळ्यात मला गच्चीवर नेतात. दिवसा लताबाई माझ्यावर कुरडया वाळत घालतात आणि कावळे हाकलता हाकलता अख्ख्या गल्लीची खबरबात सांगतात. रात्री वाऱ्याला शौकतभाई झोपतात. असं माझं बरं चाललं होतं. रंग उडाला, गंज चढला, नवार ढिली झाली, पण खाटेने सुंदर दिसावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शोएब मोठा झाला, द्वारकेच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलं बनवायला लागला. त्याची बायको मेहविश एका खासगी शाळेत शिकवते. या वर्षी मेहविशला दिवस गेले आणि त्याच सुमारास नाशिकरोडच्या बाजूला एक फ्लॅट दोघांच्या मनात भरला. एक बेडरूम, एक हॉल, किचन, छोटीशी बाल्कनी. झालं, घरात रोज संध्याकाळी एकच विषय सुरू झाला, कोणता खर्च कापायचा. बाळंतपणानंतर मेहविशचा पगार काही महिने बंद राहणार होता. सिझर झालं तर म्हणून काही रक्कम बाजूला ठेवायची होती. आणि बँकेचा हप्ता तर सगळ्यांच्या आधी पान मांडून बसणार होता. म्हणून शोएबने नवा मोबाइल कापला. मेहविशने रविवारी बाहेर जेवणं कापलं, स्वतःची रिक्षा कापली आणि सातव्या महिन्यात बसने शाळेत जाऊ लागली. बाळाला नवे कपडे घ्यायचे नाहीत, नात्यातले वापरायचे, असंही ठरलं. दोघं हौसेने हिशेब करत होती आणि मला त्यांचं कौतुक वाटत होतं.

एके संध्याकाळी मेहविश आत स्वयंपाक करत होती. शोएब जमिनीवर बसून मोबाइलवर आकडे मांडत होता आणि हप्ता काही केल्या बसत नव्हता. शौकतभाई माझ्यावर बसून मुलाच्या कपाळावरच्या आठ्या बघत होते. तंबाखू त्यांनी आधीच सोडली होती. कापण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मग ते सहज बोलल्यासारखं बोलले, “माझी काळजी करू नका तुम्ही. मी काय, अलिशाकडे मालेगावला राहीन.”

मित्रांनो, अलिशाचं घर म्हणजे दोन खोल्या, सात माणसं आणि भिंतीला लागून यंत्रमागाचा खडखडाट. ईदला गेले तरी शौकतभाई दुसऱ्या दिवशी परत येतात, झोप लागत नाही म्हणतात. हे शोएबला माहीत होतं. घरातलं मोठं माणूस असं बोलतं तेव्हा त्याला जायचं नसतं, ‘असं कसं अब्बा’ हे ऐकायचं असतं. जेवणाऱ्याने नको म्हटलं तरी आपण पानात वाढतोच की नाही? शोएबने मान वर केली, वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरं.”

एवढंच. मग तो पुन्हा आकडे मांडू लागला आणि थोड्या वेळाने त्याच्या आठ्या सुटल्या, कारण वडिलांचा खर्च वजा करताच हप्ता बसला होता. शौकतभाई मान हलवत राहिले. मी दिवसभर कारण नसताना कुरकुरणारी, पण त्या वेळी माझ्यातून आवाज फुटला नाही. माझ्यावर बसलेला माणूस जराही हलला नव्हता.

पुढे उन्हाळा लागला आणि मला गच्चीवर आणलं. एका रविवारी शोएब आणि मेहविश वर आली. फ्लॅटचं टोकन महिनाअखेरीला द्यायचं होतं. त्याआधी घर खऱ्या मापाने आखून बघायचं, म्हणजे सामान कसं मावतं ते कळेल, ही मेहविशची कल्पना. तिने शाळेतून खडू आणले होते. टेप शौकतभाईंचा, त्यांनी स्वतः पेटीतून काढून दिला आणि ते दुपारनंतरच्या असरच्या नमाजला गेले. मी नेमकी गच्चीच्या मध्यावर होते, अंगावर लताबाईंच्या कुरडया घेऊन.

“ही मधे येते,” मेहविश म्हणाली. “जरा बाजूला घ्या ना.”

शोएबने मला कुरडयांसकट ओढलं आणि टाकीजवळ नेऊन ठेवलं. मग दोघांनी घर आखलं. गच्ची जवळजवळ भरली. ही बेडरूम, इथे कपाट, इथे पाळणा, ही हॉलची भिंत. ती हॉलची भिंत माझ्यापासून हातभर अलीकडे संपली. काम झाल्यावर मला परत आत घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. लताबाई कुरडया उलटवायला आल्या आणि थेट भिंतीतून चालू लागल्या, तेव्हा मेहविशने हसत त्यांना दारातून यायला लावलं. त्या बिचाऱ्या मागे फिरून दारातून आल्या. दोघींची चांगलीच करमणूक चालली होती.

तेवढ्यात शौकतभाई वर आले. खडूच्या दाराशी थांबले. चपला बाहेर काढल्या आणि बिस्मिल्ला म्हणून आत पाऊल टाकलं. मेहविशने हसू आवरलं आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली. शौकतभाईंनी सगळं घर हिंडून पाहिलं. किचनमध्ये उजेड कुठून येईल ते विचारलं. पाळण्यावर खिडकीचा वारा येईल, तो पलीकडे घ्या म्हणाले. बाल्कनीला ग्रील मी करून देईन, बाजारातली घेऊ नका, असंही बजावलं. मग त्यांचे गुडघे दुखू लागले असावेत. बसायला जागा शोधत त्यांनी हॉलमध्ये इकडेतिकडे बघितलं. शेवटी ते दारातून बाहेर गेले, चपला घातल्या, भिंतीला वळसा घालून आले आणि कुरडया सरकवून माझ्या काठावर टेकले.

मी कुरकुरले आणि सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. माझा गंज, माझी लोंबणारी नवार, माझ्या पायाखालचा पुठ्ठा, सगळं मला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. त्या नेटक्या घराच्या बाहेर आम्ही दोघं जुनी बसलो होतो. लताबाईंच्या मनात काहीच नव्हतं. त्यांनी साधेपणाने विचारलं, “शौकतभाऊ, तुमची जागा कुठली यात?”

“मी तर पाहुणा. मालेगावला राहणार, अलिशाकडे.”

मेहविशने नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही मला म्हणालात, अब्बांनाच तिकडे जायचंय.”

“त्यांनीच सांगितलं होतं,” शोएब म्हणाला. तो टेप बाहेर काढत होता आणि परत आत सोडत होता.

“हो, हो, मीच बोललो होतो,” शौकतभाई घाईने म्हणाले. मुलाची बाजू सावरायची त्यांची जुनी सवय.

मेहविश भिंतीच्या रेघेपाशी आली. “अब्बा, तुम्ही तसं म्हणालात, तेव्हा हे काय म्हणाले?”

शौकतभाईंनी एक कुरडई उचलली, उलटी करून पुन्हा ठेवली. “काय म्हणणार? बरं म्हणाला.”

लताबाई आपल्या कुरडया गोळा करू लागल्या, त्या अजून ओल्या होत्या तरी. शौकतभाईंनाच जास्त लाज वाटत होती, जणू आपणच मुलाची चहाडी केली. “चहा टाकतो,” म्हणत ते उठले आणि हॉल, किचन, भिंती सगळं तुडवत जिन्याकडे चालत गेले. दाराची आठवण त्यांना राहिली नाही.

ते गेल्यावर शोएब माझ्यावर येऊन बसला. कितीतरी वर्षांनी बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं, मेहविश. त्यांना जायचं नाही हे कळूनच मी बरं म्हणालो.”

मेहविशने त्याची समजूत घातली नाही. “हे मला नका सांगू,” ती म्हणाली. “खाली जाऊन त्यांना सांगा.”

तो बराच वेळ उठला नाही. त्याचा भार मला आजवर कधी एवढा जड लागला नव्हता. शेवटी तो उठला, जिना उतरून गेला. खाली काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. चहाला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, इतकं मात्र खरं. मग शौकतभाई कपांचा ट्रे घेऊन वर आले, त्यांच्या मागे शोएब, डोळे लाल झालेला.

“हा मला सांगतो, अब्बा, तुम्ही कुठंही जायचं नाही,” शौकतभाई सुनेला म्हणाले.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

शौकतभाईंनी आधी सगळ्यांच्या हातात कप दिले. लताबाईंना बशीसुद्धा दिली. मग माझ्यावर बसत ते म्हणाले, “बरं म्हणालो.”

त्या फ्लॅटचं टोकन दिलं नाही. आता दोघं रविवारी एकलहऱ्याच्या बाजूला जुन्या इमारतींमधली घरं बघत फिरतात, एक खोली जास्त असलेली. हप्ता बसेल की नाही, बाळाआधी घर होईल की नाही, अजून कुणालाच ठाऊक नाही. खडूच्या रेघा पायांनी पुसून गेल्या. शोएबची लाज काही गेलेली नाही. वडिलांनी काही सांगितलं की तो ‘हो अब्बा’ म्हणतो, ‘ठीक आहे’ म्हणतो, पण तो एक शब्द त्यांच्यासमोर त्याच्या तोंडातून निघत नाही. शौकतभाईंच्याही ते लक्षात आलं आहे.

मित्रांनो, माझं म्हणाल तर मला भंगारात घाला, तक्रार नाही. लोखंडाचं पुन्हा काहीतरी होतंच. पण तुमच्या घरात कुणी थकलेलं माणूस ‘माझी काळजी करू नका, मी कुठंही राहीन’ असं म्हणालं, तर हातातला हिशेब खाली ठेवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. ते तुम्हाला सांगत नसतं, विचारत असतं.