उत्तरेचा स्टँड भरला तो दिवस

वेंडेल प्रुइट माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. आमच्याच चर्चमधला आहे. विद्यापीठाच्या तिकीट कचेरीचा प्रमुख. आमच्या ब्रॅडी फॉल्समध्ये फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या, शनिवारी दुसरं काही घडत नाही, लोक लग्नंसुद्धा त्या तारखा टाळून धरतात. चर्चच्या आम्ही बायका उत्तरेच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फाटकावर तिकिटं तपासतो आणि त्याबद्दल विद्यापीठ चर्चला देणगी देतं.

पोरांची तऱ्हा अशी, की वर्षाच्या सुरुवातीला हौसेने सगळ्या सामन्यांची तिकिटं घ्यायची आणि मग यायचंच नाही. पार्किंगमध्ये गाडीमागे शेगडी मांडून सॉसेज भाजायची, बियर ढोसायची, आत शिरलीच तर मध्यंतराला बाहेर पडायचं. उत्तरेचा स्टँड कायम अर्धा रिकामा. टीव्हीवर ते उघडे बाक दिसले की प्रशिक्षक वेंडेलवर खेकसायचा.

वेंडेलने दोन उपाय केले. एक गुपचूप. निम्मी पोरं येतच नाहीत ना, मग बाकांवर मावतात त्याहून जास्त तिकिटं विकली तर बिघडलं कुठे? बाकांना नंबर नसतात, आधी येईल तो बसेल. वर्षानुवर्षं हे खपून गेलं. दुसरा उपाय यंदाचा, वाजतगाजत केलेला. पोरांना लाजवायचं.

त्यासाठी त्याला थिया सापडली. थिया हॉव्हलँड, दुसऱ्या वर्षाची मुलगी. ऑक्टोबरातल्या एका सामन्याला असा पाऊस लागला की उत्तरेच्या स्टँडमध्ये शेवटी ती एकटी उरली, टोपी डोक्यावर ओढून बसलेली. वेंडेलने तिचा फोटो काढला, तिला विचारून मोठ्ठा छापला आणि प्रत्येक वसतिगृहाच्या जेवणघरात लावला. वर लिहिलं होतं, ‘ही येते. तुम्ही?’ स्थानिक रेडिओवर जाऊनही तो बरसला. तिकीट घेऊन घरी लोळणाऱ्यांना विद्यापीठाचं नाव सांगायची लाज वाटली पाहिजे, असं म्हणाला. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

थिया पावसात का बसायची, ते मात्र कुणी विचारलं नाही. तिचा भाऊ लार्स संघात होता. होता म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय घेतलेला, सरावात मोठ्या खेळाडूंच्या धडका खायला. चार वर्षांत एकाही सामन्यात तो मैदानात उतरला नव्हता. अशा मुलांना एक आशा असते, ती शेवटच्या वर्षाच्या निरोपाच्या सामन्याची. आपला संघ गुणांनी बऱ्यापैकी पुढे असला, तर प्रशिक्षक त्यांना शेवटी एखाद्या डावापुरतं उतरवतो. तेवढ्यासाठी पोरं चार वर्षं हाडं मोडून घेतात. आईवडील नव्हते त्यांना. बघायला थियाच.

तो सामना आला आणि पोरंही आली. लाजून म्हणा, चिडून म्हणा, सगळीच्या सगळी आली. मध्यंतरापूर्वीच बाक भरले, पायऱ्या भरल्या, आणि अग्निशमन दलाचा अधिकारी येऊन म्हणाला, फाटक बंद, आता एकही माणूस आत जाणार नाही. बाहेर रांग पार्किंगपर्यंत गेलेली, प्रत्येकाकडे खरं तिकीट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी वेंडेलला फोन केला तर तो म्हणाला, “मार्जोरी, पोरांनी खोटी तिकिटं छापलीत म्हणून सांग.” मी तसं सांगितलं. एकदा नाही, रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं, आणि वर दोन शब्द प्रामाणिकपणावर ऐकवले.

थिया त्याच रांगेत होती. वसतिगृहाच्या जेवणघरात ती वाढायचं काम करते. त्या दिवशी परगावचे आईबाप आलेले, राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल संपता संपेनात, तिला कुणी लवकर सोडलं नाही. पोरांनी तिला ओळखलं.

“वाट द्या रे, पोस्टरवाली मॅडम आली.”

“ही येते. पण हिलाही घेत नाहीत.”

ती कानापर्यंत लाल झाली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काकू, माझं तिकीट खोटं नाहीये हो. कचेरीतूनच घेतलंय.” तिचं तिकीट खोटं असेल असं आमच्यातल्या कुणालाही वाटेना, आणि मग बाकीच्यांचं तरी का असावं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

सामन्याचा चौथा, शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा वेंडेल खाली आला, फाटकाच्या जाळीच्या आत उभा राहिला. आमचा संघ भरपूर पुढे होता. तिकीट कचेरीच्या चिमुकल्या खिडकीतून पोरांकडे बघणं वेगळं आणि जाळीतून बघणं वेगळं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “खोटी तिकिटं किती निघाली, खरं सांग.”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “एकही नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याआधी लाज वाटली, कारण मघापासून ते बोलणारं तोंड माझं होतं.

थिया जाळीपाशी आली. “मिस्टर प्रुइट, माझा भाऊ आज उतरेल बहुतेक. मला बसायला नको. कुठेतरी उभी राहते. एवढं बघितलं की लगेच बाहेर येते.”

वेंडेलच्या गळ्यात सगळीकडे फिरायचा परवाना होता. शेजारीच कर्मचाऱ्यांचं दार. तिला हाताला धरून नेलं असतं तर अधिकाऱ्याने एका पोरीसाठी हटकलं नसतं. वेंडेलचा हात दाराच्या कडीपर्यंत गेलाही. पण रांगेतली सगळी पोरं टक लावून बघत होती. हिला नेलं, तर आम्हाला का नाही, असं ती विचारणार, आणि मग उत्तर द्यावं लागणार. त्याने कडीवरचा हात काढून खिशात घातला.

“थोडं थांब,” तो म्हणाला. “जरा गर्दी कमी होऊ दे.”

गर्दी कमी होईपर्यंत तो डाव थांबणार होता का? भोंग्यावर लार्स हॉव्हलँडचं नाव आलं. कुणीतरी फोनवर रेडिओ लावला, आणि मघाशी टोमणे मारणारी तीच पोरं गप्प होऊन थियाभोवती जमली. रेडिओवाला सांगत होता, हॉव्हलँडने समोरच्या दांडगटाला असा आडवा केला, की आपला चेंडूवाला मोकळ्या वाटेने शेवटच्या रेषेपार गेला. भिंतीपलीकडे सगळं मैदान गर्जलं. थिया भिंतीकडे बघत उभी होती. भिंतीला बघण्यासारखं काही नव्हतं.

सामना संपला, पोरं पांगली. आम्ही बायका रांगेसाठी लावलेले लोखंडी अडसर गोळा करत होतो. वेंडेल घरी गेला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. थियापाशी जाऊन काहीतरी पुटपुटत होता. ती मान हलवत होती, ऐकत होती असं नाही.

तेवढ्यात लार्स आला. केस ओले, गालावर खरचटलेलं, आणि चेहरा असा की बघणाऱ्यालाही हसू यावं. त्याने बहिणीला उचललंच.

“बघितलंस ना?”

थियाने क्षणभरही वेळ लावला नाही. “मग! काय आडवा केलास त्याला. बिचारा उठायलाच तयार नव्हता.”

“कुठे होतीस? मी शोधत होतो. इतकी गर्दी, काही दिसेचना.”

“वरती. मिस्टर प्रुइटच्या शेजारी.” ती वेंडेलकडे वळली. आवाज अगदी साधा होता. “हो ना?”

वेंडेल लार्सकडे बघत म्हणाला, “हो. शेजारीच होती.”

लार्सने कपडे सावरले, आणि शाळेतल्या मुलासारखा नीट उभा राहून हात पुढे केला. “सर, चार वर्षं आम्ही त्या रिकाम्या बाकांसमोर खेळलो. आज उतरलो तेव्हा एक जागा मोकळी नव्हती. थिया म्हणते हे सगळं तुम्ही केलंत. थँक यू, सर.”

वेंडेलने हात दिला. लार्सला आनंद झाला होता, तो लवकर सोडेना. मी अडसर उचलायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले, कारण वर बघितलं असतं तर त्या तिघांपैकी कुणाची तरी नजर माझ्यावर पडली असती.