बंद शटरमागची चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. खुर्ची म्हणजे एका जागी मुकाट पडून राहणारी वस्तू, असं तुम्हाला वाटत असेल. माझं तसं नाही. घटकाभर उभं राहावं लागलं तरी माझा जीव वरखाली होतो. माझं पुढचं डावं चाक तर साध्या वाऱ्यानंही कुरकुरतं.

कारखान्यात नळ्या वाकवून मला उभं केलं आणि एका दवाखान्यात पाठवलं. तिथे सात वर्षं मी काम केलं. बैठक फाटली तेव्हा मला भंगारात काढलं. त्याच वेळी तिथल्या एक नर्सबाई निवृत्त होत होत्या. त्यांनी मला मागून घेतलं आणि आपल्या गल्लीत आणलं. गल्लीत सगळे त्यांना ताई म्हणत.

ताईंनी एक नियम घालून दिला. "आजारी माणसाला हात पसरायला लावायचं नाही. ज्याचं काम झालं, त्यानं खुर्ची स्वतः ढकलत पुढच्याच्या दारात नेऊन द्यायची. कुणी मागायची नाही." नियम मायेचा होता आणि गल्लीनं तो मनापासून पाळला. पाय सुजलेली टपालवाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माळी, पडून कंबर मोडून घेतलेल्या मास्तरांच्या सासूबाई, सगळ्यांना मी फिरवलं. सासूबाई तर मला 'माझी घोडी' म्हणायच्या. पुढे ताई लेकीकडे परगावी राहायला गेल्या, पण नियम चालू राहिला.

मग मी वेल्डरकडे आले. गोदामाच्या पत्र्यावर काम करताना तो खाली कोसळला होता आणि दोन्ही पाय मोडले होते. घरात तो एकटाच. पण गल्लीनं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. बेकरीवाल्या मावशी दोन्ही वेळचं जेवण पाठवायच्या. मागच्या चाळीतला न्हावी दर रविवारी येऊन त्याची दाढी करून जायचा. वेल्डर हे सगळं कडू औषधासारखं गिळायचा. त्याच्या तोंडून एक गोड शब्द निघेल तर शपथ. कृतघ्न नव्हता तो, पण जन्मभर कुणाचं काही घ्यायची सवय नव्हती. मावशी डबा ठेवून गेल्या की तो माझे दोन्ही हात गच्च धरून बसायचा. मला ते कळायचं, मावशींना कसं कळणार?

एकदा चिडून त्यानं मला भिंतीवर आपटलं आणि माझी पाय ठेवायची पट्टी तुटली. दहाव्या महिन्यात तो काठीवर चालू लागला. "मोडकी कशी पुढे देऊ? पट्टी जोडतो, मग देतो," असं पुटपुटत त्यानं मला शेजारच्याच आपल्या दुकानात नेलं. वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला आणि त्याचे हात थरथरायला लागले. पडल्यापासून त्यानं ठिणगी पाहिली नव्हती. त्यानं होल्डर ठेवला, शटर ओढलं, कुलूप लावलं. उद्या करू म्हणाला. तो उद्या काही उजाडेना.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून माझ्या नळ्या झणझणतात. शटरला एक फट होती. त्या फटीतून एके सकाळी मी न्हाव्याला पाहिलं. त्याच्या पाठीवर त्याची बायको होती. ती कपड्यांना रफू करायची. आख्खी गल्ली तिला वहिनी म्हणे. तिचा उजवा हात दोरीसारखा लोंबत होता. दिवसाआड तो तिला तसाच घेऊन जायचा आणि दुपारी घामाघूम होऊन परत यायचा. मी इथे, दहा पावलांवर, रिकामी उभी! ओरडावंसं वाटे. चाक कुरकुरवलं, पण रस्त्याच्या गोंगाटात ते कोण ऐकणार? मधे काही दिवस तो तिला नेताना दिसलाच नाही. तेव्हा तर माझा धीरच सुटला.

आणि दर रविवारी हाच न्हावी शटरबाहेरच्या बाकावर बसवून वेल्डरची दाढी करत होता. आमच्यात फक्त एक पत्रा होता.

तिसऱ्या रविवारी वस्तरा गालाला लागला.

"दादा, वीस वर्षांत तुमचा हात कधी हलला नाही," वेल्डर म्हणाला.

"जिना जरा जास्त झालाय, भाऊ."

"कसला जिना?"

न्हाव्यानं आधी रक्त पुसलं. "तुमच्या वहिनीला अर्धांगाचा झटका आला. व्यायामाला न्यावं लागतं दवाखान्यात. तीन मजले उतरायचे, मग रस्ता. मधे पाठ धरली तर चार खेपा चुकल्या."

"मग खुर्ची का नाही मागितली?"

"तुम्हाला लागत असेल अजून. आणि मागायची नाही, असं ठरलंय ना आपलं."

वेल्डर तसाच उठला. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल साफ. कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली.

"दादा, ही पकड धरा आणि डोळे घट्ट मिटा," तो म्हणाला. साबणावरूनच त्यानं तोंडापुढे वेल्डिंगची काळी काच धरली. हात थरथरत होतेच, पण न्हाव्यानं पट्टी हलू दिली नाही. तो सांधा आजही बघाल तर हसाल, इतका ओबडधोबड आहे. मला तो फार आवडतो.

मग एकीकडून न्हावी, दुसरीकडून लंगडणारा वेल्डर, असं दोघांनी मला तीन मजले वर चढवलं. नियम म्हणजे नियम, दारातच पोचवायची.

"वहिनी, उशीर केला मी," वेल्डर म्हणाला. "दहा महिने दादा दाढी करतायत, मावशी जेवण देतायत. मी एकदाही बरं बोललो नाही कुणाशी."

"दाढी करताना बोलायचं नसतं, भाऊ," न्हावी म्हणाला. "कापतं."

वहिनी अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या आणि डाव्या हातानं वेल्डरच्या गालावरचा साबण पुसू लागल्या. तेव्हा तो पहाडासारखा माणूस रडला. त्या दिवशी मी वहिनींना खाली रस्त्यावर फिरवलं. मागून वेल्डर ढकलत होता. न्हावी शेजारून चालत होता आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

वहिनींचा पाय सुधारला. आता त्या भिंतीला धरून चालतात. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून वळत नाहीत. सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात, असं व्यायाम करवून घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. चुकलेल्या चार खेपांमुळेच असं झालं, असं कुणी म्हणत नाही. मी मात्र म्हणते. वेल्डरही मनात म्हणत असावा, कारण दुकान उघडण्याआधी तो रोज वर जाऊन वहिनींना दिवसभराच्या सुया ओवून देतो. त्याची जाडजूड बोटं, धागा दहा वेळा हुकतो. वहिनी हसतात. डाव्या हातानं त्या पुन्हा रफू शिकत आहेत.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, माझी बैठक कोरडी ठेवा, एवढं तर मी मागतेच. पण कुणी तुमच्यासाठी काही केलं, तर त्याला तोंडानं सांगा. वस्तू मोडकी असली तरी वेळेवर पोचवा. आणि अडचण तुमची असेल तर दार वाजवून मागा. तीन आठवडे मी त्या पत्र्यामागे उभी होते, सगळं बघत होते, आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.